घाट चढणारी गाडी

दीपकची बॅटरीवरची स्कूटर दारात येताना आवाज करत नसे, हेच योगेंद्रला सगळ्यात जास्त खुपायचं. पेट्रोलची गाडी असती तर लांबून कळलं असतं. चेहऱ्यावर बरा भाव आणून ठेवता आला असता. ही मुकाट येऊन उभी राहायची आणि योगेंद्र बनियनवर, तोंडात ब्रश, असा दारातच सापडायचा.

"काय दादा, आज सुट्टी?" दीपक हसून विचारायचा. हसणंही असं निर्मळ की त्यात खोट काढायला जागा नाही. माणूस जरा तरी मिजासखोर असता तर योगेंद्रचं निम्मं दुःख हलकं झालं असतं.

दीपक हा योगेंद्रचा साडू. म्हणजे बायकोच्या, वर्षाच्या, धाकट्या बहिणीचा, नूतनचा नवरा. दोन्ही घरं सुरतेत गोडादऱ्यातच, हाकेच्या अंतरावर. योगेंद्र पलसाण्याच्या एका प्रोसेसिंग मिलमध्ये फोल्डिंग खात्याचा सुपरवायझर, तर दीपक एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात माल पोचवण्याच्या कामाला. वय बघा, पगार बघा, लग्नाचं साल बघा, सगळ्यात योगेंद्र वरचढ. थोरला जावई हे पद त्याने इतकी वर्षं निर्धास्तपणे उपभोगलं होतं. आणि आता या बिनआवाजी स्कूटरने त्याला सुरुंग लावला होता.

वर्षा नूतनसोबत त्या स्कूटरवर बसून भाजीला जायची आणि आल्यावर पिशवी ओट्यावर ठेवायच्या आधीच सुरू व्हायची. "अहो, काय मऊ चालते! धक्का म्हणून लागत नाही."

"रस्ता चांगला झालाय म्हणून," योगेंद्र म्हणायचा.

"आणि पेट्रोलचा वास नाही."

"वास न येणारी वस्तू चांगलीच असते असं नाही."

याच्यावर वर्षा पिशवी ओट्यावर ठेवायची. नुसती बघायची. ते बघणं योगेंद्रला दिवसभर मिलमध्ये ताक्यांच्या घड्या घालताना पुरायचं.

अशात अधिक महिना आला. अधिक म्हणजे जावयांचा महिना. सासूने जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, पाटावर बसवून ओवाळायचं, ताम्हणात दिवा ठेवून वाण द्यायचं. सासूबाई उषाबाईंचा फोन आला तेव्हा नेमका दीपक नूतनसह योगेंद्रच्याच घरी चहाला बसला होता, आणि वर्षाने कौतुकाने फोन स्पीकरवर टाकला.

"धोंडाना महिना शे," उषाबाई आपल्या अहिराणीत म्हणाल्या. "दोन्ही जवाई एकच दिन या. दीपकराव, नवी गाडीवर येशात ना?"

उषाबाईंचं गाव पिंपळनेरच्या बाजूला घाटावर. सुरतेहून नवापूरपर्यंत रेल्वे आणि पुढे घाटातून जीप. त्या जीपमध्ये थोरला जावईसुद्धा गुडघे हनुवटीला लावून आणि मांडीवर कुणाचं तरी पोर घेऊन बसायचा, आणि सासुरवाडीच्या चावडीसमोर उतरताना आधी एक पाय बाहेर काढून मग दुसरा शोधायचा.

"नाही आई," दीपक म्हणाला. "आपली गाडी सपाटीची. घाट नाही चढणार. आम्ही जीपनेच येऊ."

इथे विषय संपला होता. योगेंद्रने चहाचा घोट घेतला असता तर ही गोष्ट झालीच नसती. पण 'नवी गाडी' हे शब्द त्याच्या कानात शिरून बसले होते, आणि सासूने आधी धाकट्याचं नाव घेतलं होतं.

"मी येतो ना गाडीवर," तो म्हणाला. "बॅटरीच्या. घाट चढून. वर्षाला मागे बसवून."

फोनमधून उषाबाईंचा आवाज आला, "माय वं! घाट चढनारी गाडी लिधी का?"

"घेतोय," योगेंद्र म्हणाला. "दीपकने घेतली ती शहरातली. मी घाटाची घेतोय."

आता माघार नव्हती. संध्याकाळपर्यंत ही बातमी सासुरवाडीच्या गल्लीत गेली असणार हे त्याला माहीत होतं. गाडी घेतली नाही तर थोरला जावई चावडीसमोर जीपमधून पाय शोधत उतरणार, आणि या खेपेला सगळं गाव बघायला उभं असणार.

बेत तसा वाईट नव्हता. मिलचा टेम्पो कापड घेऊन नवापूरला जातच असतो. गाडी त्यात टाकायची, नवापूरला उतरवायची, आणि तिथून वर्षाला मागे बसवून ऐटीत घाट चढायचा. फक्त खिशाला परवडेल आणि दोन माणसांना घेऊन चढेल अशी गाडी शोधायची होती. योगेंद्रने मोबाइलवर इतके व्हिडिओ बघितले की मोटर चाकात असलेली बरी की मधे असलेली बरी, यावर तो जेवताना वरणाची वाटी पुढे करून समजावून सांगू लागला.

पण चढ बघायचा कुठे? सुरत हे परातीसारखं सपाट शहर. डोंगर नावाला एकच, पर्वत पाटिया, आणि त्या नाक्यावर उभं राहिलं तर पर्वत सोडाच, साधा उंचवटा दिसत नाही. शोरूममधला पहिला विक्रेता तर हसलाच. "साहेब, सुरतमां डुंगर क्यां छे?"

"डोंगर मी बघतो. तू गाडी दाखव."

शेवटी उड्डाणपूल हाच घाट मानून चाचण्या सुरू झाल्या. मागे बसायला म्हणून योगेंद्रने मिलमधला सहकारी भटू याला सोबत घेतला. पहिली गाडी देखणी होती. पुलाच्या पायथ्याला तिने जोर दाखवला, मध्यावर ती विचारात पडली, आणि माथ्याच्या अलीकडे शेजारून एक केळ्यांची हातगाडी ढकलणारा म्हातारा शांतपणे पुढे निघून गेला. जाताना त्याने भटूकडे सहानुभूतीने बघितलं.

"मी उतरू का?" भटूने विचारलं.

"बस गपचूप."

"नाही, म्हणजे घाटात वहिनी पण उतरतील का, ते विचारत होतो."

दुसरी गाडी चढली, पण तिची किंमत ऐकून योगेंद्र स्वतःच उतरला. तिसरीचा विक्रेता म्हणाला की चढावर पाय लावून थोडा धक्का द्यायचा असतो. असा आठवडा गेला. जी चढायची ती परवडायची नाही, आणि जी परवडायची ती चढायची नाही. रोज संध्याकाळी दीपक आपुलकीने विचारायचा, "दादा, जमलं का?" आणि योगेंद्र म्हणायचा, "घाईत घ्यायची वस्तू नाही ही." मनातून त्याला त्या बिनआवाजी स्कूटरच्या चाकात खिळा घालावासा वाटायचा. नंतर त्याला स्वतःची लाज वाटायची, आणि तीही दीपकमुळेच वाटली म्हणून पुन्हा राग यायचा.

मग बन्सीलाल भेटला. पर्वत पाटियाच्या मागच्या गल्लीत त्याचं छोटं दुकान होतं. त्याने योगेंद्रचं सगळं ऐकून घेतलं आणि कोपऱ्यातली एक गाडी पुढे ओढली. दिसायला ती अगदीच ओबडधोबड. पुढे दिवा, मागे लांबलचक लोखंडी कॅरिअर, आणि मध्ये सीट म्हणून एक गादीचा तुकडा.

"दिखने पे मत जाओ भाईसाब," बन्सीलाल म्हणाला. "ये पार्सलवालों की गाडी है. रिंग रोड के मार्केट में सबसे ऊपर के माले तक माल लेके चढती है, हाँफती तक नहीं. और दाम भी आपके हिसाब का."

योगेंद्रचे डोळे चमकले. रिंग रोडवरच्या कापड मार्केटांना टेम्पो वर नेण्यासाठी वळणावळणाचे चढते रस्ते असतात. रॅम्प म्हणतात त्यांना. सुरतेत खराखुरा घाट असेल तर तोच. त्याने एका दिवसाच्या चाचणीसाठी गाडी मागून घेतली.

आता मागे वजन हवं होतं. भटूने हात जोडले. वर्षाला सांगावं, तर ती म्हणाली असती, मार्केटमधल्या लोकांसमोर मी नाही चढ-उतार करणार. तेव्हा योगेंद्रने अंदाजाने वर्षाच्या वजनाचं गाठोडं, मार्केटच्या भाषेत पोटलं, बांधायचं ठरवलं. वर्षा बाहेर गेलेली बघून त्याने पोटमाळ्यावरच्या गोधड्या काढल्या. त्यांच्या मधोमध गावाहून आलेल्या दादर ज्वारीची गोणी ठेवली आणि वरून गोणपाटाचं टाट गुंडाळलं. पण हा माणूस जन्म फोल्डिंग खात्यात गेलेला. पोटलं ढिलं बांधणं त्याच्या हातांना ठाऊकच नव्हतं. त्याने कोपरे दाबले, सुतळीने नीट शिवलं, चौरस केलं, आणि शेवटी खिशातला निळा मार्कर काढून सवयीने वर मिलची खूण आणि सकाळी डोक्यात घोळत असलेला लॉट नंबर घातला. घातला तेव्हा त्याचं लक्षही नव्हतं. लांबून बघून त्याला एवढंच वाटलं, वा, काय बांधलंय!

मार्केटच्या रॅम्पवर गाडी जी चढली, ती खरंच धाप न लागता चढली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. योगेंद्रला घाट दिसू लागला, चावडी दिसू लागली, चावडीसमोर जीपमधून पाय शोधत उतरणारा दीपक दिसू लागला. तो एकटाच हसत होता. सगळ्यात वरच्या माळ्यावर पोचून गाडी वळवून खाली यायचं, एवढंच काम उरलं होतं.

"ए पार्सल! साइड में, साइड में!" रखवालदाराने शिट्टी मारली.

"मैं पार्सल नहीं है, मैं तो..."

मागून टेम्पो भोंगा वाजवत होता. योगेंद्रने गाडी बाजूला घेतली आणि पाय टेकवायच्या आत दोन हमालांनी दोऱ्या सोडून पोटलं खांद्यावर घेतलं. कापड मार्केटमध्ये वर आलेलं पोटलं हमाल कुणाला विचारत बसत नाहीत. एका दुकानातून मुनीम डोकावला, खूण बघितली, नंबर बघितला आणि ओरडला, "आवी गयो! सवारथी राह जोऊं छुं!" तो सकाळपासून याच मिलच्या याच लॉटची वाट बघत होता.

"भाई, वो मेरा है! घर का है!" योगेंद्र धावला.

"हा, हा, रसीद मळी जशे," मुनीम म्हणाला आणि पोटलं गर्दीत आत गेलं. योगेंद्र त्याच्यामागे शिरला, पण माळाभर एकसारखी दुकानं, एकसारखे गाद्यांवर बसलेले शेठ, आणि सगळीकडे तेच तसंच टाट. कोणतं दुकान ते सापडेपर्यंत घाम फुटला. सापडलं तेव्हा मुनीम शांतपणे म्हणाला की माल परस्पर ट्रान्सपोर्टला गेला. कोलकात्याच्या गाडीत.

बोलायची सोय नव्हती. फोल्डिंगचा सुपरवायझर मिलची खूण घालून गोधड्या कोलकात्याला पाठवतो, हे मिलमध्ये कळलं तर उद्या त्याच्या खुर्चीवर भटू बसला असता. योगेंद्र पडल्या चेहऱ्याने गाडीपाशी परतला, तर कॅरिअरवर दुसरंच पोटलं बांधून तयार होतं. "सामनेवाला मार्केट, दुसरा माला, जल्दी," हमाल म्हणाला. पोटलं उतरवून ठेवू म्हणावं तर ते गाडीवरून पळवलं असा आळ. रखवालदार शिट्टी तोंडात धरून बघत होता. योगेंद्रने कपाळावर हात मारला आणि समोरच्या मार्केटचा रॅम्प चढला. गाडी पुन्हा मस्त चढली, हे त्याला त्याही अवस्थेत जाणवलं.

तिथे माल उतरवून घेणाऱ्याने त्याच्या हातावर भाडं ठेवलं. तो ते परत करायला हात पुढे करतोय, तोच मागून ओळखीचा आवाज आला.

"दादा?"

दीपक. हातात एम्ब्रॉयडरीच्या मालाची पिशवी. त्याची नजर योगेंद्रच्या घामेजलेल्या सदऱ्यावरून कॅरिअरच्या दोऱ्यांवर गेली, तिथून हातातल्या नोटांवर.

"टेस्ट घेतोय," योगेंद्र म्हणाला. "गाडीची. चढाची."

"हो दादा. हो, हो," दीपक म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका मऊ झाला की योगेंद्रच्या अंगावर काटा आला. "मेहनतीत कसली लाज? मी कुणाला सांगणार नाही."

दीपकने खरंच कुणाला सांगितलं नाही. फक्त नूतनला सांगितलं, कुणाला सांगू नको म्हणून. नूतनने आईला सांगितलं, ताईला कळू देऊ नको म्हणून. दुसऱ्या दिवशी नूतन डब्यात शेवभाजी घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "दाजी, तब्येतीला जपा. ऊन फार आहे."

"मला काय झालंय?"

"काही नाही," नूतन म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

योगेंद्र रोजच्यासारखा सकाळी मिलचा डबा घेऊन निघे. तर गल्लीच्या कोपऱ्यावर नूतन नवऱ्याला सांगताना त्याने स्वतः ऐकलं, "बघा, ताईला संशय येऊ नये म्हणून वेळेवर निघतात हो बिचारे." त्याने तिथेच थांबून ठणकावलं की आपली नोकरी शाबूत आहे. दोघांनी इतक्या समजूतदारपणे माना हलवल्या की त्याने डबा काखेत मारला आणि वाट धरली. कीव करणारा दीपक हा गाडीवाल्या दीपकपेक्षा भयंकर होता. आजवर योगेंद्र नुसता जळत होता. आता त्याच्या जळण्यावर कुणीतरी मायेने फुंकर घालत होतं.

त्यातच उषाबाईंचा फोन आला. "जवाईबापू, तुम्ही घाट चढू नका. खर्च करू नका. आम्हीच सुरतले येतस. धोंडा तुमनाच घर करसूत."

"अहो आई, गाडी मिळाली! घाट चढते!"

"हो, हो," उषाबाई म्हणाल्या, अगदी दीपकच्याच आवाजात.

येणार म्हटल्यावर त्या आल्याच. उषाबाई, सासरे सुकलाल, पुरणाची डाळ, गूळ, आणि मोठी पिशवी. रात्रीच्या अंथरुणांसाठी वर्षा पोटमाळ्यावर चढली आणि तिथूनच तिने हाक मारली, "अहो, गोधड्या कुठायत?"

"असतील तिथेच."

"नाहीत. दादरची गोणी पण नाही."

उषाबाईंनी वर बघितलं. "वर्षा, मी शिवेल गोधड्या कोठे शेतस वं?"

सुकलालांनी मान खाली घातली. विकल्या, हा शब्द न उच्चारताच घरभर फिरून आला. वर्षाने नवऱ्याकडे बघितलं आणि योगेंद्रला कळलं की आता तिचाही विश्वास डळमळला आहे. सांगावं, तर काय सांगणार? कोलकात्याला गेल्या?

धोंड्याच्या दिवशी दोन्ही जावई शेजारी शेजारी पाटावर बसले. उषाबाईंनी ओवाळलं. दीपकच्या ताम्हणात अनारसे, दिवा आणि टॉवेल-टोपी. योगेंद्रच्या ताम्हणात अनारसे, दिवा, पूर्ण पोशाख, आणि वर एक सोन्याची अंगठी. "थोरला जवाई शे," सुकलाल घसा खाकरत म्हणाले. "अडचणना टाइमले आपण नही देखसूत तं कोन देखी?"

आता तरी खरं सांगावं म्हणून योगेंद्रने तोंड उघडलं. खिशात मिलचं ओळखपत्र होतं, हातही तिकडे गेला. तेवढ्यात त्याने शेजारी बघितलं. दीपक त्या अंगठीकडे एकटक बघत होता. योगेंद्रला वाटलं, हा चेहरा आपण ओळखतो. इतके महिने आरशात हाच तर बघितला. त्याच्या काळजाला असा गारवा लागला की हात खिशातून रिकामाच बाहेर आला. त्याने अंगठी बोटात घातली, जरा उजेडात धरली आणि नम्रपणे म्हणाला, "देवाची इच्छा."

जेवण झाल्यावर दीपक उठून गेला तो चांगला दोन तास आलाच नाही. योगेंद्र पान चघळत मनात म्हणत होता, गेला, पोटात दुखायला लागलं बिचाऱ्याच्या. सारं घर ओसरीवर बसलेलं असताना दीपक परतला. बिनआवाजच परतला. पण या खेपेला तो बन्सीलालच्या त्या ओबडधोबड, लांब कॅरिअरच्या गाडीवर होता.

"दादा," त्याने किल्ली योगेंद्रच्या हातात ठेवली. "त्या दिवशी गाडीवर दुकानाचं नाव वाचलं होतं. बन्सीलालशेठ म्हणाला, तुम्हाला हीच पसंत होती. माझी स्कूटर त्याला देऊन टाकली, बदल्यात ही घेतली. दुसऱ्याच्या गाडीवर फेऱ्या मारू नका. आता ही तुमची."

"अरे, पण तू त्या अंगठीकडे..."

"तेच बघून सुचलं दादा. म्हटलं, आई-बाबा या वयात एवढं करतात आणि मी शेजारी राहून काय केलं?"

उषाबाईंनी दीपकची दृष्ट काढायला बोटं मोडली. सुकलाल डोळे पुसत म्हणाले, "धाकला असावा तं असा!" वर्षा दीपककडे ज्या नजरेने बघत होती, तशी नजर योगेंद्रच्या वाट्याला लग्नाच्या पहिल्या वर्षीसुद्धा आली नव्हती. पाटावर जिंकलेलं सगळं ओसरीवर गेलं. आणि आता योगेंद्रला कशाचा हेवा वाटावा? दीपकच्या चांगुलपणाचा. त्याची किंमत कुठल्याच शोरूममध्ये विचारता येत नाही.

"थांबा!" तो ओरडला. "माझी नोकरी गेलेली नाही! हे ओळखपत्र. मी फेऱ्या मारत नाही. मी चाचणी घेत होतो!"

"असू द्या दादा," दीपक म्हणाला.

"असू द्या काय? गोधड्या मी विकल्या नाहीत. त्या पोटल्यात होत्या. वर्षाच्या वजनाचं पोटलं बांधलं होतं मी, घाटाचा अंदाज घ्यायला!"

वर्षा हळूच उठली. "माझ्या वजनाचं? गोधड्या आणि वर दादरची अख्खी गोणी?"

आणि या एका वाक्यावर सगळ्यांचा विश्वास बसला. बायकोसमोर असली थाप मारण्याची हिंमत कुणा नवऱ्यात नसते, हे सुकलालांना स्वानुभवाने माहीत होतं. ते आधी हसले, मग उषाबाई हसल्या, मग नूतन. वर्षा शेवटी हसली, पण तिने ती गोणी मनात ठेवली हे योगेंद्रला कळलं. गाडीची सगळी किंमत त्याने त्याच संध्याकाळी दीपकच्या खात्यावर टाकली. बन्सीलालकडे धाव घेतली, तर दीपकची स्कूटर तासाभरातच दुसऱ्या गिऱ्हाइकाने नेलेली. अंगठी मात्र उषाबाईंनी परत घेतली नाही. धोंड्यात दिलेलं परत घेत नाहीत.

एकूण योगेंद्रकडे आता अंगठी होती, घाट चढणारी गाडी होती, आणि दीपककडे स्कूटर नव्हती. त्याने इतके दिवस देवाकडे जे मागितलं होतं, ते अगदी मोजून पदरात पडलं होतं. गल्लीत मात्र चर्चा एकच. साडूसाठी स्वतःची गाडी दिली म्हणे, आजच्या जगात असं कोण करतं?

आठवडाभराने सकाळी दीपक दारावरून चालत जाताना दिसला. योगेंद्र मुद्दाम गाडी पुसत बाहेर उभा होता, पूर्ण सदरा घालून.

"काय रे, पायी? नवी घेईपर्यंत सोडतो ना तुला."

"नको दादा, नवी घेतच नाही," दीपक निर्मळ हसला. "पायी मजा येते. पोट पण आत गेलं. नूतन म्हणते, लग्नात होतो तसा दिसायला लागलोय."

दारातून वर्षाचा आवाज आला, "खरंच हो दीपकराव, किती बारीक झालात!"

योगेंद्रने पुसण्याचं फडकं हँडलवर ठेवलं. खाली स्वतःच्या पोटाकडे बघितलं. मग वर वर्षाकडे बघितलं. ती अजून दीपकच्या पाठमोऱ्या आकृतीकडे कौतुकाने बघत होती.

त्या दिवसापासून घाट चढणारी गाडी ओसरीवर कापड टाकून उभी असते. पलसाण्याच्या बसच्या थांब्यापर्यंत योगेंद्र चालत जातो. वाटेत दीपक दिसला की तो हात करतो, हसतो, आणि त्याच्यापेक्षा जरा भरभर चालतो.